डावखुरा तबलजी आणि हरवलेलं तार सप्तक : संगीत-अंकाच्या मांडणीत या चुका टाळा

प्रूफ हातात घेऊन गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "काऊन रे, मी कधीपासून डावखुरा झालो?"

दुसऱ्याच पानावर त्यांचा पान भरून फोटो होता आणि तो उलटवणारा मीच. मूळ फोटोत त्यांचा चेहरा पानाबाहेर बघत होता. आमच्या धंद्यात चेहरा मजकुराकडे वळलेला असावा असा संकेत आहे, म्हणून कोरल सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं आणि मोकळा झालो. तबला गेला डाव्या हाताखाली, डग्गा उजव्या. सदऱ्याचा खिसा उजवीकडे आला, मागच्या बॅनरवरची अक्षरं आरशातल्यासारखी झाली. त्यांच्याकडे सहा वर्षं तबला शिकलेल्या माणसाला हे दिसलं नाही, कारण मी फोटो बघत नव्हतो, पान बघत होतो.

नागपुरात मंडळांच्या स्मरणिका, गुरुपौर्णिमेचे अंक, दिवाळी अंकांतले संगीत-विशेष अशी कामं वर्षभर येत राहतात. महाल भागातल्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून या कामांतल्या बहुतेक चुका मी स्वतः करून झालोय. त्यातल्या ज्या पुन्हापुन्हा होतात, त्या इथे.

वाद्य हातात असलेला फोटो उलटवायचा नाही. कधीच नाही. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या सतारीचा दांडा त्याच्या डावीकडे जातो, हे वाचकाला कळतं आणि अंकाची पत तिथेच जाते. चेहरा चुकीच्या दिशेला बघत असेल तर फोटो समोरच्या पानावर न्या आणि मजकूर इकडे घ्या. पान बदलता येत नसेल तर तो बघतोय त्या बाजूला फोटोतच चार बोटं मोकळी जागा ठेवून कापा. फोटो आधीच कोणी उलटवलाय का, अशी शंका आली तर बॅनर, खिसा किंवा पदर बघा.

आता उसनवारीबद्दल. तरुण मंडळी रद्दीच्या दुकानातून एखादं जुनं इंग्रजी रॉक मासिक आणतात आणि म्हणतात, "दादा, सेम असं पाहिजे." यात वावगं काही नाही. रोलिंग स्टोन 1967 साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालं, तेव्हा त्याच्या पानांना जाड-बारीक जोडरेघांची चौकट होती. मासिक बंडखोरांचं, पण पान जुन्या वर्तमानपत्रासारखं भारदस्त. अशी रेघ मराठीतही शोभते. पुढे छोट्या बातम्या, मध्ये दीर्घ लेख, शेवटी परीक्षणं हा क्रमही खुशाल घ्या. पण त्या मासिकांची अर्धी करामत रोमन लिपीच्या अंगच्या गोष्टींवर उभी असते: मोठी कॅपिटल अक्षरं, अक्षरांमधली मोकळी जागा, अल्बमच्या नावांसाठी तिरपा टाइप. आपल्याकडे कॅपिटल नाहीतच. अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते आणि 'मैफल' हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरप्यासाठी आपल्या बहुतेक फाँटांत वेगळं वळण नसतं, संगणक सरळ अक्षरालाच ढकलून तिरपं करतो. त्यापेक्षा अल्बमचं, बंदिशीचं नाव एकेरी अवतरणात द्या. रागाचं नाव मात्र साधंच ठेवा, नाहीतर एका परिच्छेदात इतकी अवतरणं होतात की पानावर मुंग्या चालल्यासारख्या वाटतात.

शिरोरेषा तुटण्याचं दुसरं कारण लवकर सापडत नाही. अरुंद स्तंभात मजकूर दोन्ही कडांना जुळवला की ओळ भरण्यासाठी सॉफ्टवेअर अक्षरांमध्येही जागा घालू लागतं. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांमधलं अंतर तिन्ही रकान्यांत शून्य करा, खेचाखेच फक्त शब्दांमध्ये होऊ द्या. तरी ओळी विरळ दिसत असतील तर तीनऐवजी दोन स्तंभ करा, किंवा उजवी कड मोकळी सोडा. ओळींमध्ये सढळ हाताने जागा द्या: 11 पॉइंटच्या अक्षराला 15-16 पॉइंट, कारण वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना रहायला घर लागतं.

परिच्छेदाच्या सुरुवातीचं मोठं अक्षर ही अशीच एक खोड. इंग्रजीत पहिलं अक्षर उचललं की झालं. 'स्वर' या शब्दातलं नुसतं 'स्' उचललं तर उरलेला 'वर' आकाशाकडे बघत बसतो. आख्खं जोडाक्षर त्याच्या काना-मात्रेसकट उचला आणि त्याची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला लावून घ्या. जमत नसेल तर मोठं अक्षर नको, काही अडत नाही.

फाँटचं दुखणं तर घरोघरी. लेख कोणी श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या फाँटात) देतं, कोणी युनिकोडमध्ये व्हॉट्सॲपवर पाठवतं. एकातून दुसऱ्यात नेताना 'ऱ्या' आणि 'ष्ट' हमखास मोडतात, म्हणून रूपांतरानंतर 'सुऱ्या', 'वैशिष्ट्य' असे शब्द शोधून डोळ्यांनी तपासा. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं सुटी झाली, वेलांटी भलतीकडे गेली, तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर (आपल्यासारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावलेला नसतो. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले तर मजकुराची भाषा मराठी करून बघा. फाँटमध्ये मराठी रूपं असतील तर ती लगेच येतात. छापखान्याला फाइल पाठवताना फाँट आत बांधलेली पीडीएफ द्या, नाहीतर कर्व्ह करून (अक्षरांचे आकार करून) द्या. रे गन या अमेरिकन मासिकात मांडणीकार डेव्हिड कार्सनने गायक ब्रायन फेरीची आख्खी मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून चिन्हांच्या फाँटमध्ये लावून टाकली होती, एक अक्षर वाचता येणार नाही अशी. ती कलाकृती ठरली. आमच्याकडे फाँट न पाठवल्यामुळे एक संपादकीय असंच निघालं, त्याला कोणी कलाकृती म्हटलं नाही. आणि कार्सनने निदान वाचता येईल असा मजकूर त्याच अंकात मागे छापला होता.

आता स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर आणि ताल कागदावर लिहिण्याची रीत. संगीताच्या अंकाचं खरं पाणी इथेच जोखलं जातं आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो.

आपल्याकडे येणारे लेख दोन पद्धतींनी लिहिलेले असतात: काही भातखंडे, काही पलुस्कर, या दोन संगीतपंडितांच्या. ऑपरेटरला वाटतं, टिंबं टिंबंच असतात. तसं नाही. भातखंडे पद्धतीत स्वराच्या वर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं, आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत मध्यमावर आली की तीव्र, म्हणजे चढा, मध्यम. म्हणजे 'म' वर काढलेली एक रेघ, कोणाच्या वहीतून आली त्यावर, सप्तक तरी बदलते किंवा स्वर तरी. तालाचंही तेच. भातखंडे सम (तालाचा पहिला ठोका) दाखवायला फुली काढतात. पलुस्करांकडे समेला 1 आणि 'खाली'ला (तालात टाळी नसलेल्या जागेला) अधिकचं चिन्ह. फुली जरा तिरकी झाली की अधिक होते. एका बंदिशीत आमच्या पोऱ्याने कीबोर्डवर फुली सापडेना म्हणून सगळीकडे + टाइप केलं. पलुस्कर पद्धतीवर वाढलेल्या वाचकाने ती बंदिश खालीपासून उचलली असती.

उपाय साधा आहे. आख्ख्या अंकासाठी एक पद्धत ठरवा, लेखकाला विचारूनच दुसरीतून तिच्यात उतरवा, आणि पहिल्या स्वरलिपीशेजारी छोटी चौकट देऊन चिन्हांचा अर्थ सांगा. ती चौकट जागेअभावी उडवायची नाही. जाहिरात उडवा.

तार सप्तकाची मोठी गंमत आमच्याकडे झाली. भातखंडे पद्धतीतलं वरचं टिंब टाइप करायला सगळे अनुस्वारच वापरतात: सां, रें, गं. प्रूफ गेलं एका निवृत्त मराठीच्या सरांकडे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार गेले, हे सरांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी लाल पेनाने एकूणएक अनुस्वार छाटले आणि आख्खा अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) मध्य सप्तकात उतरला. चूक सरांची नाही, स्वरलिपीची पानं त्यांच्याकडे पाठवणाऱ्याची. त्या पानांवर मोठ्या अक्षरात 'स्वरलिपी, हात लावू नये' असं लिहून द्या आणि ती गाणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

कोमल (उतरलेल्या) स्वराखालची रेघ अंडरलाइनच्या बटणाने काढू नका. ती शेजारच्या स्वरालाही चिकटते आणि सलग दोन कोमल स्वर आले की एकच लांब रेघ होते. युनिकोडमध्ये वैदिक स्वरचिन्हं आहेत, ती इथे कामी येतात: खालची आडवी रेघ कोमलसाठी, रे॒ ग॒ ध॒ नि॒, आणि वरची उभी तीव्रसाठी, म॑. मंद्रासाठी नुक्ता (अक्षराखालचं टिंब): ध़, नि़. ही चिन्हं फाँटात आहेत का, ते आधी एका ओळीत छापून बघा. नसली की जागी ठिपक्यांचं वर्तुळ नाहीतर रिकामी चौकट येते.

आणि स्पेसबार! स्वर स्पेस देऊन एकाखाली एक लावले की फाँट जरा बदलला तरी सम सरकते. स्वरलिपी नेहमी टेबलमध्ये. दर मात्रेला, म्हणजे तालाच्या ठोक्याला, एक रकाना: तीनतालाला सोळा, चार-चारांवर जाड रेघ. झपतालाला दहा, दोन-तीन-दोन-तीन. एकतालाला बारा. रूपकाला सात, तीन-दोन-दोन, आणि तिथे पहिल्याच मात्रेखाली खालीचं शून्य येतं, ते 'चूक' समजून दुरुस्त करू नका. आवर्तन (तालाचा एक फेरा) मध्येच तोडून पुढच्या पानावर न्यायचं नाही. सोळा रकाने स्तंभाच्या रुंदीत मावत नसतील तर स्वरलिपी पानभर रुंद लावा, किंवा आठ-आठ मात्रांच्या दोन ओळी करा. अक्षर बारीक करत 7 पॉइंटवर आणू नका. पेटीवर अंक टेकवून दोन फुटांवरून वाचायचं असतं हे.

फोटोंकडे परत येऊ. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो, लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेल. छपाईच्या 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) तो साडेतेरा सेंटिमीटर भरतो, बस्स. ए-4 चं पूर्ण पान ब्लीडसकट (कटिंगसाठी बाहेर सोडलेली कड धरून) भरायला 2551 बाय 3579 पिक्सेल लागतात. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा किंवा पेनड्राइव्ह घेऊन या म्हणा. मंचावरच्या एलईडीचा जांभळा-निळा रंग पडद्यावर झगमगतो आणि आर्ट पेपरवर मेल्यासारखा उतरतो, कारण छपाईच्या चार रंगांना तो गाठताच येत नाही. पान लावण्याआधी फोटो सीएमवायके, म्हणजे त्या चार रंगांत, करून बघा. चेहरा निळसर पडलेला असेल तर सरळ कृष्णधवल करा, गवयाचे फोटो त्यात कधी वाया जात नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं टाकायची हौस असेल तर वजनदार फाँट घ्या आणि एखाद-दोन पॉइंट वाढवा. चार रंगांच्या काळ्यात प्लेट केसभर सरकली की वेलांट्या भरून जातात. मजकुराचा काळा मात्र नुसता काळ्या शाईचाच हवा.

मुखपृष्ठावर एक चेहरा, एक मोठी ओळ. मंडळाच्या कार्यकारिणीला हे पटवणं सगळ्यात अवघड. गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजकडच्या झाडीपट्टी नाटकांची पोस्टरं चेहऱ्यांनी भरलेली असतात आणि ती तिथे बरोबरच असतात, रस्त्यावरच्या माणसाने आपला आवडता कलाकार शोधायचा असतो. अंक हातात घेतलेल्या माणसाची ती गरज नाही. अध्यक्षांचा फोटो आत, मनोगताशेजारी.

पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत असतात. 46 पानांचा मजकूर घेऊन येणाऱ्याला मी आधी चहा पाजतो. घडी घातल्यावर आतली पानं बाहेर डोकावतात आणि कटिंगमध्ये छाटली जातात, म्हणून पानक्रमांक कडेपासून सेंटिमीटरभर आत ठेवा. पिनच्या अंकात सलग कागद फक्त मधल्या जोडपानाला मिळतो. मंचाचा आडवा फोटो तिथेच टाका. बाकी कुठेही जोडपानावर फोटो पसरलात तर शिवणीत काय जातंय ते बघा. आमच्याकडे एकदा तंबोऱ्यावाल्या ताई गेल्या होत्या.

त्या ताईंचं नावही ओळीत नव्हतं. मुख्य कलाकार, तबला, पेटी इथवर नावं येतात आणि तंबोऱ्याची दोन पोरं गळतात. फोटोखालची ओळ 'डावीकडून' अशी सुरू करा आणि फोटोतली डोकी व ओळीतली नावं मोजून जुळवा.

गुरुजींचा फोटो शेवटी समोरच्या पानावर गेला, तबला उजव्या हाताखाली आला. मग त्यांनी स्वरलिपीचं पान पुढ्यात ओढलं, डाव्या हाताने मांडीवर ताल धरला आणि पुटपुटत स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) म्हणून बघितली. तिसऱ्या ओळीला थांबले. पुन्हा पहिल्यापासून. बोटांवर मोजलं.

"पंधराच मात्रा आहेत रे."

रात्रीचे साडेदहा झाले होते. मी संगणक परत सुरू केला.