उरोस्थीवर बोट ठेवण्यापूर्वी

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उरोस्थी (छातीच्या मधोमधचे हाड) हातात आली की सगळेच सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण मॅन्युब्रियम, बॉडी आणि झिफॉइड (तिचे वरचा, मधला आणि खालचा हे भाग) एवढे सांगितले की निभावते, असा समज आहे. माझा तो समज इंटर्नशिपमध्ये, येथे कोल्हापुरातच, एका रात्रपाळीला उतरला.

करवीर तालुक्यातील गुऱ्हाळावर काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ छातीत मधोमध दुखते म्हणून आले होते. "काहील उतरताना उसण भरलीया," हे निदान त्यांनी घरूनच आणले होते. मी उरोस्थीच्या कडेला दाबताच ते कळवळले. मी ‘उजवी तिसरी कूर्चा, कॉस्टोकॉन्ड्रायटिस’, म्हणजे बरगडीला उरोस्थीशी जोडणाऱ्या कूर्चेचा दाह, असे लिहिले आणि केवळ नियम म्हणून ईसीजी काढला. सिस्टरांनी इलेक्ट्रोड पाहिले, काही न बोलता उरोस्थीच्या दोन कडांना लावायचे व्ही-वन आणि व्ही-टू एकेक बरगडी खाली सरकवले आणि पुन्हा कागद काढला. पहिल्या कागदावर व्ही-वनमध्ये दिसलेली दुहेरी आर-लाट (आलेखातील वर जाणारे टोक) दुसऱ्यावर नव्हती. मी जिला तिसरी म्हणत होतो ती कूर्चाही दुसरी निघाली.

चूक मोजणीच्या आरंभातच होती. हासळी आणि पहिली बरगडी यांमधील खळग्यालाच मी बरगड्यांमधली पहिली फट धरले होते. पहिली बरगडी हासळीआड बरीचशी दडलेली असते, म्हणून हासळीपासून मोजू नका. पुन्हा सांगतो, हासळीपासून मोजू नका. गळ्याखालच्या खाचेतून बोट सरळ खाली आणले की सुमारे पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. हा मॅन्युब्रियम आणि बॉडी यांचा सांधा, म्हणजेच अँगल ऑफ लुईस. तेथून बाजूला सरकल्यावर लागते ती दुसरी कूर्चा, आणि तिच्याखालची फट दुसरी. पुढे उरोस्थीच्या कडेपासून किंचित दूर राहून मोजावे, कारण खालच्या कूर्चा कडेशी दाटीने येतात. व्ही-वन चौथ्या फटीत, उजव्या कडेला. स्तनाग्रावरून अंदाज बांधण्याची युक्ती जे सीनियर शिकवतात, त्यांच्यापासून चार हात लांबच राहावे. मला तरी ओरडणाऱ्या सीनियरांपेक्षा त्या न बोलणाऱ्या सिस्टरांनीच अधिक शिकवले. उंचवटा पहिल्यांदा सापडला नाही तर घाबरू नका. आठवडाभर स्वतःच्या छातीवर शोधा, बोट आपोआप तेथे जाऊ लागेल.

कॉस्टोकॉन्ड्रायटिसमध्ये बहुधा दुसरी ते पाचवी यांपैकी एकाहून अधिक कूर्चा दुखतात, पण सूज नसते. सूज असेल, विशेषतः दुसऱ्या वा तिसऱ्या कूर्चेवर, तर 1921 मध्ये टिट्झ यांनी वर्णन केलेला विकार आठवावा. मात्र दाबल्यावर दुखते म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. त्या गृहस्थांचा दुसरा ईसीजी स्वच्छ होता आणि काही तासांनी केलेल्या ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) पातळी वाढलेली होती.

पोटाच्या वरच्या टोकाला लागणारी कठीण ‘गाठ’ मात्र बहुतेक वेळा झिफॉइडच असते. हॉस्टेलच्या न्हाणीघरात ती मला स्वतःला सापडली, तेव्हा मी दोन रात्री झोपलो नव्हतो. ॲनाटॉमीत उत्तीर्ण होऊन तेव्हा वर्ष उलटले होते.