आयरिश स्टाउटचा आंबट डंख कसा गेला: माझा अनुभव

डब्लिनला आल्यापासून मी घरी गिनेसच्या वळणाची ड्राय स्टाउट, म्हणजे गोडवा कमी असलेली काळी बिअर, बनवते. प्रमाण सगळीकडे साधारण एकच सापडतं: ७० टक्के पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले फिकट जव), २० टक्के जवाचे पोहे, १० टक्के भाजलेले जव. २० लिटरला २.८ किलो, ८०० ग्रॅम आणि ४०० ग्रॅम. रंग सुरेख यायचा, फेसही टिकायचा, पण घोट घेतला की जिभेला राखेसारखा तुरट-आंबट डंख बसायचा.

दोष पाण्याच्या मऊपणात, म्हणजे त्यातल्या कमी क्षारांत निघाला. डब्लिनचं पाणी जड, म्हणून इथे स्टाउट रुजली असं खूप जण सांगतात. माझ्या नळाला मात्र विकलोच्या डोंगरांकडचं मऊ पाणी येतं. भाजलेले जव आम्लधर्मी असतात आणि त्यांना आवरायला मऊ पाण्यात पुरेसे बायकार्बोनेट नसतात. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात मुरवलेल्या या धान्याचा, पीएच ५.२ च्या खाली घसरायचा, म्हणजे आम्लता वाढायची. मला तो ५.४ च्या आसपास हवा होता.

आता पेल माल्ट आणि पोहे चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड घालून ६५ अंशांवर मुरवते. भाजलेले जव वेगळे, बारीक दळून ठेवते आणि शेवटच्या १५ मिनिटांत मिसळते. डंख गेला, कॉफीचा खमंगपणा तेवढा राहिला! सगळं एकत्रच घालायचं असेल तर खायचा सोडा अगदी थोडा थोडा घालत पीएच मोजावा.

पबमधली नायट्रोजन वायूमुळे येणारी फेसाची मऊ साय बाटलीत येत नाही. म्हणून बाटलीत साखर बेताची घालते; तिच्यातूनच गॅस तयार होतो, आणि तो कमीच बरा.