टेस्ला कॉइलची लहर मोजा, पण कॉइलला प्रोब न लावता

टेस्ला कॉइलमध्ये थोड्या वेढ्यांची प्रायमरी आणि शेकडो वेढ्यांची सेकंडरी अशा दोन गुंडाळ्या असतात, आणि सेकंडरीच्या वरच्या टोकाला प्रचंड व्होल्टेज तयार होते. ऑसिलोस्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र, थोडक्यात स्कोप) हाती आला की त्याची मोजायची तार, म्हणजे प्रोब, थेट त्या टोकाला लावावीशी वाटते. चालू कॉइलला ती लावलीत तर स्कोप गेलाच. आणि कॉइल बंद ठेवून, अगदी थोड्या व्होल्टवर तपासलीत, तरी आकडा चुकीचाच येतो.

का, ते हिशोबाने पाहू. 75 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर 30 गेजच्या एनॅमल तारेचे 1000 वेढे घेतले, तर इंडक्टन्स साधारण 15 मिलिहेन्री भरतो. वेढ्यांचा आणि वरच्या छोट्या गोळ्याचा मिळून कपॅसिटन्स जेमतेम 13 पिकोफॅरड. म्हणजे कॉइलची अनुनाद वारंवारता, जिच्यावर ती सर्वांत जोरात झंकारते, सुमारे 350 किलोहर्ट्झ. आता 10 एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) ठेवलेल्या प्रोबचा स्वतःचाच कपॅसिटन्स 10 ते 15 पिकोफॅरड असतो. तो लावताच एकूण कपॅसिटन्स जवळजवळ दुप्पट होतो आणि वारंवारता 250 च्या आसपास घसरते.

म्हणून आधी अँटेना करा. प्रोबच्या टोकाला वीतभर तार अडकवा आणि ती कॉइलपासून दीड-दोन मीटरवर उभी ठेवा. ती विद्युतक्षेत्र टिपते. स्क्रीनवरच्या उंचीवरून कॉइलचे व्होल्ट मात्र काढू नका. वारंवारता, आकार आणि वेळ यांवरच विश्वास ठेवा. कॉलेजातला जुना 20 मेगाहर्ट्झचा सीआरओ, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबचा स्कोप, या कामाला पुरतो. 200 किलोहर्ट्झपर्यंतच पोचणारे स्वस्त किट इथे तोकडे पडते.

मग थंड चाचणी, म्हणजे कॉइल बंद ठेवून. प्रायमरी मोकळी सोडा. फंक्शन जनरेटरची (हव्या त्या वारंवारतेची छोटी लहर देणाऱ्या यंत्राची) एक तार सेकंडरीच्या खालच्या टोकाला आणि दुसरी अर्थिंगला जोडा. 200 ते 500 किलोहर्ट्झ सावकाश फिरवा. अँटेनावरची लहर जिथे एकदम फुगते, तीच कॉइलची वारंवारता. नोंद घेताना लांब, स्थिर उभे राहा. तुम्ही पुढे वाकलात तरी कपॅसिटन्स वाढतो आणि शिखर खाली सरकते.

करंट पाहायला फेराइट रिंगवर 50 वेढे घ्या आणि दोन टोकांत 50 ओहम टाका. 100 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडले की झाले. सेकंडरीची अर्थिंगकडे जाणारी तार रिंगमधून एकदाच ओवा. आता स्क्रीनवरचा 1 व्होल्ट म्हणजे 1 अँपिअर. माझ्या मते या सगळ्या मोजमापात सर्वांत भरवशाचे साधन हेच.

इथे एक गोष्ट जिवावर बेतू शकते. स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप प्लगच्या तिसऱ्या पिनमधून घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. थेट मेनवर चालणाऱ्या ब्रिजला (प्रायमरीला वीज उलटसुलट देणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या सर्किटला) ती लावलीत तर शॉर्ट होऊन स्फोट होतो. त्यावर उपाय म्हणून कुणी तिसरी पिन काढून टाकायला सांगेल. तसे केले तर स्कोपचे धातूचे भागच जिवंत होतात. ब्रिजसाठी डिफरन्शियल प्रोब वापरा, जो अर्थिंगला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजतो. पहिल्या चाचण्या 24 व्होल्टच्या वेगळ्या डीसी सप्लायवरच करा. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला खोलीत थांबू देऊ नका.

कॉइल चालू केल्यावर आधी प्रोबचे टोक त्याच्याच क्लिपला जोडा. तरीही स्क्रीनवर लहर दिसली, तर ती प्रोबच्या तारेने हवेतून उचललेली आहे. क्लिपची तार आखूड करा, स्कोप मागे सरकवा, मगच पुढे जा.

आता पहिल्या चॅनेलवर ड्रायव्हरची (ब्रिजला चालू-बंद करणाऱ्या सर्किटची) चौकोनी लहर आणि दुसऱ्यावर रिंगमधला करंट घ्या. करंट शून्यातून जातो नेमक्या त्याच क्षणी चौकोनाची कड पडत असेल, तर ड्रायव्हर सुरात आहे. कड मागेपुढे पडली तर वारंवारता थोडी फिरवा.

इंटरप्टर (कॉइल थोड्या थोड्या झटक्यांत चालवणारे सर्किट) लावला असेल तर प्रत्येक झटका संपल्यावरचे शेपूट नीट न्याहाळा. ठिणगी पडत नसताना लहरीची उंची 37 टक्क्यांवर यायला किती आवर्तने लागतात ते मोजा आणि त्याला 3.14 ने गुणा. हा कॉइलचा क्यू; तो जितका जास्त, तितकी ऊर्जा कमी वाया जाते. 40 आवर्तने लागली तर क्यू सुमारे 125. अर्थिंगचा सांधा घासून पुसून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर ऊर्जा त्या सांध्यातच जिरत होती.