ठाण्यातल्या जुन्या परमिट रूममध्ये पहिल्यांदा जाताना

ठाणे पश्चिमेला स्टेशनच्या आसपास शोधा. शनिवार टाळा, मधल्या वारी सातच्या आत पोचा. बियरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५ लागतं. २ ऑक्टोबरला ड्राय डे.

एसीत बसू नका! तिथे तीच १८० मिलीची क्वार्टर महाग पडते, आणि मला आवडतो तो बाहेरचा पंख्याखालचा, सनमायकाच्या टेबलांचा भाग. गर्दी असली तर अनोळखी माणसासमोर खुशाल बसा, फक्त आधी विचारा. वेटरला 'काका' म्हणा आणि बोंबील ताजा आहे का, ते त्यांनाच विचारा. नाही म्हणाले तर मसाला पापड आणि उकडलेले शेंगदाणे, वर लिंबू पिळून. फोटो मात्र काढू नका. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ते खुपतं. टिप रोख द्या, परतताना रिक्षा करा.