महेश्वरला एका दिवसात जाऊन यायचंय? मग या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरात पुण्या-नाशकाचे पाहुणे आले की सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, पहिल्या रात्री होतो आणि दुसऱ्या दिवशी महेश्वरचा बेत ठरतो. अंतर 90-95 किलोमीटर, रस्ता चांगला, शिवाय अहिल्याबाईंचं गाव. एवढं सगळं जुळून येत असूनही संध्याकाळी परतलेली मंडळी बऱ्याचदा कावलेली असतात. ऊन लागलं, आईचे गुडघे धरले, साड्या नीट बघताच आल्या नाहीत. दोष महेश्वरचा नसतो. बेत ठरवताना आपण काय काय बघायचं याची यादी करतो आणि कोणत्या वेळी कुठे असायचं, हे कुणी ठरवतच नाही.

मांडू आणि ओंकारेश्वरही ‘उरकून’ घेणं

‘एवढे जातोच आहोत तर’ हे वाक्य गाडीत कुणी उच्चारलं की तिथेच अडवा. इंदूर-मांडू-महेश्वर-ओंकारेश्वर-इंदूर ही फेरी जवळपास पावणेतीनशे किलोमीटरची होते. त्यात घाट आहेत, ट्रक आहेत, ओंकारेश्वरची दर्शनाची रांग आहे. सात-आठ तास गाडीतच जातात आणि नर्मदा फक्त पुलावरून दिसते. पाहुण्यांकडे एकच दिवस असेल तर एकच गाव निवडा. मांडू पावसाळ्यासाठी राखून ठेवा, तेव्हाच त्याची खरी शोभा.

पोहे-जिलबी खाऊन निवांत निघणं

हा अस्सल इंदुरी घोटाळा. आठला पोहे, नऊला चहा, साडेनऊला कुणाची तरी टोपी राहिली म्हणून परत घरी, आणि महेश्वरला पोचायला बारा. नेमकी तीच वेळ नर्मदेच्या घाटावर नसण्याची.

इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मानपूरच्या पुढे घाट उतरलात की तुम्ही निमाडात, म्हणजे खालच्या नर्मदेच्या खोऱ्यात येता, आणि महेश्वरची उंची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत आहे. सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस धामनोदला तो काढून मागच्या सीटवर टाकतो. एप्रिल-मेमध्ये निमाडचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्यातून महेश्वर नर्मदेच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांचं तोंड दक्षिणेला. दिवसभर ऊन थेट दगडावर. मंदिराबाहेर चपला काढून चार पावलं टाकली की तळपाय सांगतातच. ऊन हलकं असणारे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. उन्हाळ्यात जायचंच असेल तर दुपारी अकरा ते चार घाटाचं नाव काढू नका.

म्हणून सहाच्या आत निघा. पोहे डब्यात घ्या किंवा वाटेत खा. लवकर पोचण्याचा आणखी एक फायदा: किल्ल्यावरच्या होळकरांच्या वाड्यात सकाळी लिंगार्चन चालतं. अहिल्याबाईंच्या काळापासूनची ही रीत. ब्राह्मण मांडी घालून बसलेले असतात, काळ्या ओल्या मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगं भराभर वळून पाटावर ओळीने मांडतात, पूजा होते आणि सगळी नर्मदेत सोडतात. उशिरा येणाऱ्याला फक्त रिकामे पाट दिसतात.

आणि उशीर झालाच तर? घाटाकडे धावू नका, क्रम उलटा करा. आधी जेवण, मग हातमाग, आणि चारनंतर किल्ला व नदी. दिवस वाचतो.

राजवाडा म्हणून झगमगाट शोधणं

‘एवढाच?’ हा प्रश्न वाड्याच्या चौकात हमखास ऐकू येतो. सासरे मल्हारराव 1766 मध्ये गेल्यावर 1767 पासून 1795 पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य चालवलं ते इथून. काशी विश्वनाथापासून सोमनाथापर्यंत देवळं उभी करणाऱ्या बाईंचं स्वतःचं राहणं मात्र लाकडी खांबांच्या साध्या वाड्यात, आणि बसायला पांढरी गादी. झुंबरं आणि आरसेमहाल हवे असतील तर ग्वाल्हेरचा जयविलास बघावा. इथे बघायचा तो साधेपणाच, आणि त्याला पाच मिनिटं पुरत नाहीत.

वाड्यातून खाली उतरताना लोक आणखी एक चूक करतात. नदी दिसली की पावलं आपोआप वेगात पडतात आणि डावी-उजवीकडचं राहून जातं. विठोजीराव होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक, इथेच आहे. हेच ते विठोजी, ज्यांना 1801 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून गेले. छत्रीच्या तळाशी हत्तींची रांग कोरलेली आहे. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण शनिवारवाडा पाहून आलेल्या पाहुण्यांना इथे थांबवून ही गोष्ट सांगाच. समोर अहिल्येश्वराचं देऊळ आहे, ती बाईंची छत्री. राजराजेश्वर मंदिरात तुपाचे 11 अखंड नंदादीप तेवत असतात. तिथे गर्दी कमी, गारवा जास्त.

घरातली वयस्कर मंडळी बरोबर असतील तर किल्ल्यावरून पायऱ्या उतरवून परत चढवू नका. वर वाडा बघून झाला की गाडी खाली बोलवा. घाटाजवळ कुठपर्यंत वाहन जातं हे गावातला कुठलाही रिक्षावाला सांगतो.

साडी शेवटच्या पंधरा मिनिटांत घेणं

घाईत घेतलेली माहेश्वरी घरी येऊन पॉवरलूमची निघते. दुपारचं ऊन टाळायचंच आहे, तर ते दोन तास मागावर घाला. विणकरांच्या वस्तीत खटखट आवाज येतोच. 1979 च्या सुमारास होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकरांनी सुरू केलेल्या रेहवा सोसायटी या विणकरांच्या संस्थेमुळे हा धंदा पुन्हा उभा राहायला मोठा हातभार लागला, तिथेही माग बघता येतात. सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा. फोटो काढण्याआधीही विचारा, विणणारी बाई काही देखावा म्हणून बसलेली नसते.

ओळखायचं कसं? साडी उलटी करा. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा असतो, त्याला बुगडी म्हणतात. हातात घेतली की हलकी लागते, कारण सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं असतं. काठावर चटई, वीट, लहर अशी नक्षी. घाट बघून मग दुकानात आलात तर यातली काही कुठल्या दगडावर पाहिली ते आठवेल. एवढं करूनही खात्री नसेल तर मागावरून थेट घ्या आणि भाव फार पाडू नका. एका साडीमागे किती दिवस जातात ते तिथेच विचारा.

नावेत बसल्यावर भाव करणं

भाव किनाऱ्यावरच ठरवा: माणशी की अख्खी नाव, नुसती फेरी की नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत. लाइफ जॅकेट मिळत नसेल तर त्या नावेत बसू नका. वरच्या अंगाला ओंकारेश्वर आणि इंदिरासागरची धरणं आहेत. पावसाळ्यात तिथून पाणी सोडलं की पातळी झपाट्याने वाढते आणि नावा बंद होतात. जिथे नर्मदा खडकांमधून अनेक धारांनी वाहते त्या सहस्रधारेचंही तसंच. पाणी चढलं की खडक बुडतात आणि ‘धारा कुठायत?’ म्हणत लोक परततात, म्हणून आधी गावात चौकशी करा. उघडे खडक दिसले तरी त्यावर उतरू नका, शेवाळ असतं. घाटाच्या पाण्यातल्या पायऱ्यांवरही तेच.

अमावास्या, नर्मदा जयंती, महाशिवरात्र या दिवशी स्नानाला झुंबड उडते. निवांत जायचं असेल तर कॅलेंडर बघून निघा. हिवाळ्यात परिक्रमावासी भेटतील. ‘नर्मदे हर’ म्हणा, कॅमेरा रोखू नका.

परतीचा रस्ता न ठरवणं

येताना महूवरून जामगेटचा घाट सुंदर आहे, दिवसाउजेडी जरूर या. परतताना मात्र संध्याकाळची आरती करून निघालात तर तो वळणांचा अंधारा रस्ता नको, धामनोदवरून महामार्ग धरा. त्याही रस्त्यावर मानपूरच्या अलीकडचा गणेश घाट ट्रकांच्या अपघातांसाठी बदनाम राहिलेला आहे, तेव्हा ट्रकाच्या मागे चिकटून चालवू नका. डिसेंबरात सूर्य पावणेसहाला मावळतो. आरतीनंतर सातला निघालात तरी साडेनऊपर्यंत इंदूरच्या वेशीवरचं राऊ गाठता येतं. बसने आला असाल तर शेवटच्या गाडीची वेळ महेश्वरला उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा. थेट बस नसेल तर धामनोदला बदलावी लागते, आणि ती वेळ हातात धरूनच आरतीला थांबायचं की नाही ते ठरवा.