संस्थेच्या पैशांचा खटला कसा वाचावा: वेन लापियेर प्रकरण हाताशी घेऊन

वेन लापियेर यांच्या खटल्याबद्दल वाचायला बसताना बंदुकांविषयीचे आपले मत आधी काही काळ बाजूला ठेवावे. नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, ही अमेरिकेतील बंदूकधारकांची सर्वांत प्रसिद्ध संघटना. लापियेर हे १९९१ पासून जानेवारी २०२४ पर्यंत तिचे कार्यकारी उपाध्यक्ष होते. नावाला हे पद उपाध्यक्षाचे असले तरी संघटनेचा प्रत्यक्ष कारभार याच पदावरून चालतो. त्यामुळे निकालाची बातमी आली की कोणी समाधान मानतो, कोणी राजकीय सूड म्हणून संतापतो, आणि न्यायालयासमोरचा मूळ प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो. तो प्रश्न असा होता: सभासदांनी संस्थेच्या कामासाठी दिलेला पैसा पदाधिकाऱ्याने स्वतःच्या सुखसोयींसाठी वापरला का, आणि वापरला असेल तर ज्यांनी त्याला अडवायचे ते कोठे होते? मी सार्वजनिक न्यासांच्या हिशेबांचे काम करत आलो आहे, आणि हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच हा खटला कोणत्या क्रमाने आणि काय तपासत वाचावा, ते येथे मांडत आहे.

सुरुवात कारकिर्दीपासून करावी, पण तिच्यात फार रेंगाळू नये. लापियेर यांचा जन्म १९४९ चा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते लॉबिइस्ट, म्हणजे कायदे संघटनेला अनुकूल व्हावेत म्हणून लोकप्रतिनिधींना पटवणारे, म्हणून एनआरएमध्ये आले, १९८६ मध्ये संघटनेच्या लॉबिइंग विभागाचे प्रमुख झाले आणि पाच वर्षांनी सर्वोच्च पदावर पोहोचले. १९९५ मध्ये निधी मागणाऱ्या एका पत्रात त्यांनी केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांविषयी इतकी जहाल भाषा वापरली की माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी आपले आजीव सदस्यत्व सोडले. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक येथील शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेल्यानंतर आठवड्याभरात त्यांनी पत्रकारांसमोर येऊन, बंदूकधारी दुर्जनाला केवळ बंदूकधारी सज्जनच थांबवू शकतो, अशी भूमिका मांडली. या भूमिकेवर मतभेद राहणारच, पण खटला समजून घेण्यासाठी तिच्यातून एकच गोष्ट घ्यावी लागते: संघटनेचा आवाज आणि लापियेर यांचा आवाज लोकांच्या मनात एकरूप झाला होता. अशा माणसाकडे संचालक मंडळात उभे राहून खर्चाची पावती मागणे फार अवघड होऊन बसते.

पुढची पायरी म्हणजे खटला कोणी भरला आणि कोणत्या अधिकाराने भरला, हे पाहणे. एनआरएचे मुख्यालय व्हर्जिनियातील फेअरफॅक्स येथे आहे, मग न्यूयॉर्कचा येथे काय संबंध, असे अनेकांना वाटते. संघटनेची स्थापना १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली आणि तिची नोंदणी त्याच राज्यात राहिली. तेथे नोंदलेल्या ना-नफा संस्थांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार ॲटर्नी जनरलला, म्हणजे राज्याच्या प्रमुख कायदा अधिकाऱ्याला, आहे. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांना विश्वस्तांना निलंबित करण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार आहे, त्याच जातीची ही व्यवस्था. ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी ६ ऑगस्ट २०२० रोजी दावा दाखल केला. त्यात संघटनेसह लापियेर, माजी खजिनदार विल्सन फिलिप्स, सचिव व विधी सल्लागार जॉन फ्रेझर आणि माजी अधिकारी जोशुआ पॉवेल यांना प्रतिवादी केले होते.

यानंतर पैशाची वाट शोधावी, आणि येथे घाई करू नये. एखाद्या पदाधिकाऱ्याचा खासगी खर्च थेट संस्थेच्या खात्यातून गेला तर तो लेखापरीक्षकाला सहज दिसतो. म्हणून मध्ये कोणी तिसरा आहे का, हे आधी पाहावे. या प्रकरणात तो तिसरा म्हणजे ॲकरमन मॅकक्वीन ही ओक्लाहोमाची जाहिरात कंपनी. लापियेर यांनी बेव्हर्ली हिल्समधील झेन्या या महागड्या कपड्यांच्या दुकानातून अनेक वर्षांत घेतलेल्या सुटांचे सुमारे पावणेतीन लाख डॉलर या कंपनीने भरले होते. अशा खर्चांची रक्कम कंपनी आपल्या बिलात तपशील न देता घालत असे आणि संघटना ते बिल चुकते करत असे. संस्थेच्या वहीत दिसतो तो जाहिरात कंपनीचा एकगठ्ठा आकडा. सूट कोठेच दिसत नाही. तपशील नसलेल्या बिलावर सही का करू नये, हे एखाद्या नव्या विश्वस्ताला समजावून सांगायचे असेल, तर मला याहून स्पष्ट उदाहरण माहीत नाही.

दुसरी वाट पाहुणचाराची. संघटनेला सेवा पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराची १०८ फुटी नौका लापियेर कुटुंबाने बहामामध्ये वापरली. पदाधिकाऱ्याने दरवर्षी आपल्या हितसंबंधांचे विवरण भरायचे असते. त्यात या नौकेचा उल्लेख नव्हता, हे लापियेर यांना शपथेवर मान्य करावे लागले. खासगी विमानांच्या प्रवासाबद्दल त्यांचे म्हणणे असे होते की जिवाला धोका असल्यामुळे सामान्य विमानाने जाणे शक्य नव्हते. हे म्हणणेही नीट वाचावे, कारण अशा पदावरील माणसाला धमक्या येतात हे खरेच आहे. मात्र सुरक्षेसाठी घेतलेल्या विमानातून नातेवाईक एकटेच का जातात, हे त्या कारणाने सुटत नाही.

वाचक सर्वाधिक चुकतात ते आरोप आणि सिद्ध झालेली गोष्ट एकत्र करण्यात. मूळ दाव्यात तीन वर्षांत ६.४ कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचे म्हटले होते आणि संघटना विसर्जित करावी अशी मागणी होती. विसर्जनाची मागणी न्यायाधीश जोएल कोहेन यांनी मार्च २०२२ मध्ये फेटाळली. आरोप गंभीर असले तरी संपूर्ण संघटनाच संपवावी असे ते नाहीत, असे त्यांचे मत पडले. जानेवारी २०२४ मध्ये मॅनहॅटनमध्ये सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर लापियेर यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा जाहीर केला आणि त्याच सुमारास पॉवेल यांनी एक लाख डॉलर भरण्याचे मान्य करून तडजोड केली. २३ फेब्रुवारीला ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांमधून निवडलेल्या पंचांनी, निकाल दिला. लापियेर यांनी संघटनेचे ५४ लाख डॉलरचे नुकसान केले, असे ज्युरीने ठरवले. त्यातील दहा लाखांहून थोडी अधिक रक्कम त्यांनी आधीच परत केली असल्याने सुमारे ४३.५ लाख डॉलर देणे उरले. फिलिप्स यांच्यावर २० लाख डॉलर बसले. फ्रेझर यांनी कर्तव्यात कसूर केली असे ठरले, पण त्यांना रक्कम भरावी लागली नाही. संघटनेने मालमत्तेची योग्य निगा राखली नाही आणि गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा मोडला, असेही ज्युरीने म्हटले. हा दिवाणी दावा होता. म्हणून लापियेर यांना 'दोषी' न म्हणता 'उत्तरदायी' म्हणावे.

एनआरएच्या दिवाळखोरीच्या अर्जाला मात्र पुरेसा वेळ द्यावा, कारण संस्था आतून कशी चालत होती हे तेथे उघडे पडते. १५ जानेवारी २०२१ रोजी संघटनेने डॅलसच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच वेळी आपली आर्थिक स्थिती भक्कम असल्याचेही सांगितले. आठवड्यापूर्वीच ७६ जणांच्या संचालक मंडळाची बैठक झाली होती. तीत लापियेर यांच्या नोकरीचा करार मंजूर झाला आणि त्यातील एका कलमाने त्यांना संघटनेच्या कारभाराची पुनर्रचना करण्याचा अधिकार मिळाला. दिवाळखोरीचा शब्द कोणी काढला नाही. पुढे त्याच कलमाच्या आधारे अर्ज केला गेला. न्यायाधीश हार्लिन हेल यांनी ११ मे रोजी हा अर्ज फेटाळला. न्यूयॉर्कच्या दाव्यात अनुचित फायदा मिळवण्यासाठी तो केला आहे, असे त्यांनी म्हटले, आणि बहुसंख्य संचालकांना, वित्त अधिकाऱ्याला व विधी सल्लागारालाही अंधारात ठेवणे धक्कादायक असल्याचे नोंदवले. बैठकीत समोर आलेला करार शेवटच्या कलमापर्यंत वाचणारा एक जरी संचालक बोलला असता, तरी पुढचे बरेच टळले असते, असे मला राहून राहून वाटते.

एका दुसऱ्या खटल्याशी गल्लत करू नये. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनआरएच्या बाजूने एकमताने निर्णय दिला, तो न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाच्या माजी प्रमुख मारिया वुलो यांच्याविरुद्धचा, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावरचा दावा होता. दोन्हींत न्यूयॉर्क आणि एनआरए समोरासमोर असले तरी एकाचा निकाल दुसऱ्याला खोडत नाही.

कागद स्वतः पाहायचे असतील तर फॉर्म ९९० पासून आरंभ करावा. अमेरिकेतील बहुतेक करमुक्त संस्थांना आयकर खात्याकडे दरवर्षी हे विवरण द्यावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. तेथील मराठी मंडळांच्या सभासदांनीही आपल्या मंडळाचे विवरण असेल तर ते काढून वाचावे. त्याच्या सहाव्या भागात पाचव्या ओळीवर थेट प्रश्न आहे: संस्थेच्या मालमत्तेचा मोठा हिस्सा अन्यत्र वळवला गेल्याचे या वर्षी लक्षात आले काय? २०१९ या वर्षाच्या विवरणात एनआरएने अशी कबुली दिली आणि लापियेर यांनी प्रवासखर्चापोटी सुमारे तीन लाख डॉलर परत केल्याचे नमूद केले. खटल्याचा निकाल लागण्याच्या तीन वर्षे आधी हे लेखी उपलब्ध होते.

शेवटी आदेशाचा भाग वाचावा. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीश कोहेन यांनी लापियेर यांना एनआरएमध्ये पगारी पद घेण्यास दहा वर्षे मनाई केली. संघटनेवर बाहेरचा निरीक्षक नेमण्याची राज्याची मागणी मात्र त्यांनी मान्य केली नाही. ज्युरीने लापियेर आणि फिलिप्स यांच्यावर बसवलेली रक्कम राज्याच्या तिजोरीत जात नाही. ती एनआरएकडेच, म्हणजे ज्या सभासदांच्या वर्गणीतून ती गेली त्यांच्याच संघटनेकडे, परत करायची आहे.