बगॅसचा उष्मांक बॉम्ब कॅलरीमापीत कसा मोजावा

साखर कारखान्याच्या बॉयलरला बगॅसपासून, म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरणाऱ्या चिपाडापासून, किती उष्णता मिळेल, हा आकडा चुकतो तो बहुधा उपकरणामुळे नव्हे, तर नमुन्यातील ओलाव्यामुळे. म्हणून कन्व्हेयरवरून ठरावीक अंतराने घेतलेला बगॅस तत्काळ हवाबंद डब्यात भरावा आणि त्याचा काही भाग १०५ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवून आर्द्रता काढावी. ती साधारणतः ५० टक्के भरते.

वाळलेला बगॅस दळून त्याची सुमारे १ ग्रॅमची गोळी दाबावी व तिचे अचूक वजन घ्यावे. सुटी भुकटी वापरू नये, कारण ऑक्सिजन भरताना ती उडते आणि काही भाग जळायचा राहतो. गोळी क्रूसिबलमध्ये (छोट्या उष्णतारोधी वाटीत) ठेवून फ्यूज वायर, म्हणजे वीज सोडल्यावर गोळी पेटवणारी बारीक तार, तिला टेकवावी, बॉम्बच्या, म्हणजे ज्यात नमुना जाळतात त्या जाड बंद पोलादी भांड्याच्या, तळाशी १ मिलिलिटर शुद्ध पाणी घालावे आणि झाकण आवळून ऑक्सिजन सावकाश ३० बारपर्यंत भरावा. ऑक्सिजनच्या जोडांना तेल किंवा ग्रीस कदापि लावू नये. उच्च दाबाखाली ते पेट घेऊ शकते.

बॉम्ब मोजून घेतलेल्या पाण्यात बुडवून ढवळणी सुरू करावी, काही मिनिटे दर मिनिटाला तापमान नोंदवावे आणि मगच वायरमधून वीज सोडावी. त्या वेळी उपकरणावर वाकू नये. तापमान कमाल पातळी गाठून पुन्हा संथ बदलू लागेपर्यंत नोंदी चालू ठेवाव्यात, म्हणजे बाहेरच्या हवेशी झालेल्या उष्णतेच्या देवाणघेवाणीची दुरुस्ती करता येते. बॉम्ब उघडल्यावर काजळी दिसली, तर ती चाचणी बाद धरावी.

उपकरणाचा जलतुल्यांक, म्हणजे पाण्यासह त्याचे तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता, आधीच, तितकेच पाणी घेऊन, बेंझोइक आम्ल जाळून ठरवलेला असावा. त्याच्या १ ग्रॅममधून ६,३१८ कॅलरी मिळतात. समजा, जलतुल्यांक प्रतिअंश २,४०० कॅलरी आहे आणि बरोबर १ ग्रॅम कोरड्या बगॅसने तापमान १.९१ अंशांनी वाढवले. एकूण उष्णता ४,५८४ कॅलरी झाली. वायरच्या १४ वजा जाता ४,५७० उरल्या. निम्मा ओलावा धरला, तर मूळ बगॅसचा स्थूल उष्मांक किलोला २,२८५ किलोकॅलरी येतो.

बॉयलरमध्ये मात्र ओलाव्याचे आणि हायड्रोजन जळून झालेले पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते, आणि अशा प्रत्येक किलो पाण्यामागे सुमारे ५८६ किलोकॅलरी जातात. कोरड्या बगॅसमध्ये ६ टक्के हायड्रोजन धरल्यास किलोभर ओल्या बगॅसमागे ०.७७ किलो पाणी होते आणि निव्वळ उष्मांक १,८३५ च्या आसपास उरतो. मिलमधून निघणाऱ्या बगॅसची आर्द्रता ४५ टक्क्यांवर आणली, तर त्याच हिशेबाने तो २,०७५ पर्यंत जातो.